नऊपैकी पाच : बेटन स्कोअरचा मूळ पेपर वाचताना

पेटचा निकाल लागला की दरवर्षी माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न येतो. यंदाही आला, आणि चार वेगवेगळ्या जणांकडून आला: "ताई, सांध्यांच्या लवचिकतेवर सिनॉप्सिस करायचा विचार आहे. बेटन स्कोअर वापरला तर आरआरसीत चालेल ना?"

चालेल. आरआरसीत चालेलच. साधन जगभर वापरलं जातं, पैसे लागत नाहीत, एका माणसाला दोन मिनिटं पुरतात, आणि संदर्भ म्हणून १९७३ चा पेपर लिहिला की कोणी काही विचारत नाही. माझी अडचण नेमकी तिथेच सुरू होते. चौघांनाही मी उलटा प्रश्न केला: तो १९७३ चा पेपर वाचला का? चौघांचं उत्तर एकच. त्यांना हसायचा मला अधिकार नाही, कारण एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मीही तो न वाचताच साइट केला होता आणि त्याचा त्रास माझ्या रूममेटला झाला. ते पुढे सांगते. आधी पेपर.

पीटर बेटन, लुई सॉलोमन आणि कॉलिन सॉस्कोल्न यांचा हा लेख 'ॲनल्स ऑफ द ऱ्हुमॅटिक डिसीजेस'मध्ये आला. अवघी सहा पानं. शीर्षकाचा मराठीत अर्थ होतो 'एका आफ्रिकी लोकसमूहातील सांध्यांची हालचाल'. दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रामीण भागात राहणाऱ्या त्स्वाना समाजाच्या १०८१ लोकांना त्यांनी तपासलं. पाच कृती करायला लावल्या. करंगळी मागे नव्वद अंशांपलीकडे वळते का? अंगठा मनगटाकडे वाकवून हाताला टेकतो का? कोपर सरळ रेषेच्या पुढे दहा अंशांहून जास्त मागे जातं का? गुडघा तसाच जातो का? आणि गुडघे न वाकवता पुढे वाकल्यावर दोन्ही तळहात जमिनीला पूर्ण टेकतात का? पहिल्या चार कृती डाव्या-उजव्या बाजूच्या, म्हणून आठ गुण. शेवटचा एक. एकूण नऊ. निष्कर्ष असे, की लवचिकता लहानपणी भराभर कमी होते, पुढे सावकाश कमी होते, आणि कुठल्याही वयात बायकांची पुरुषांपेक्षा जास्त असते.

(जाता जाता: बेटन स्कोअर वेगळा आणि ब्रायटन निकष वेगळे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकदोन अक्षरांचा फरक आहे, त्यामुळे व्हायव्हात भलेभले घसरतात. बेटन हे माणसाचं नाव, ब्रायटन हे इंग्लंडमधलं गाव. ब्रायटन निकषांत बेटन स्कोअर हा फक्त एक भाग आहे.)

हा पेपर मला आवडतो, हे आधीच सांगून टाकते. लेखकांनी जे मोजलं ते स्वच्छ मोजलं. खेड्यात जाऊन, यंत्राशिवाय, हजारावर माणसं तपासता येतील अशी पद्धत बसवणं सोपं काम नाही. आणि शीर्षकातच त्यांनी लिहून ठेवलंय की हे एका लोकसमूहाबद्दल आहे. हे निदानाचं साधन आहे असं ते म्हणत नाहीत. समाजात लवचिकता कशी पसरलेली आहे, वयानुसार कशी बदलते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आपण मात्र शीर्षक सोडून दिलं आणि नऊचा आकडा उचलला.

कृती तरी कुठून आल्या? १९६४ मध्ये कार्टर आणि विल्किन्सन यांनी जन्मतः खुबा निखळलेल्या मुलांवर काम करताना अशाच पाच कृती वापरल्या होत्या. त्यांत घोट्याची एक कृती होती. १९६९ मध्ये बेटन आणि होरन यांनी एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोमच्या रुग्णांसाठी त्यात बदल केले. सगळ्या बोटांऐवजी फक्त करंगळी ठेवली, घोटा काढला, आणि पुढे वाकणं आणलं. म्हणजे खुब्याच्या मुलांसाठी बनवलेली यादी, ती त्वचा आणि सांध्यांच्या आनुवंशिक आजारासाठी बदलली, आणि मग ती निरोगी खेडूतांवर लावली. आता तीच आपण अकोल्याच्या मुलांवर लावणार. प्रत्येक मुक्कामाला थोडं काहीतरी गाळलं गेलंय.

आता परीक्षेत पाठ केलेले सांध्यांचे प्रकार आठवा, कारण ते फक्त एमसीक्यूसाठी नसतात. कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा. गुडघाही जवळपास तसाच, थोडा फिरतो एवढंच. अंगठ्याच्या बुडाशी खोगिरासारखा सांधा. करंगळीच्या मुळाशी दोन दिशांना हलणारा सांधा. मग खांदा कुठे आहे? उखळीचा सांधा, शरीरातला सर्वांत मोकळा, आणि ज्यांचे सांधे ढिले असतात त्यांच्यात वारंवार निखळणारा. बेटनच्या नऊ गुणांत त्याला एकही गुण नाही. खुबा येतो तो पुढे वाकण्यात लपून. घोटा नाही, जबडा नाही, मान नाही. उलट दोन करंगळ्या आणि दोन अंगठे मिळून चार गुण. फक्त हात लवचिक असला, बाकी अंग लाकडासारखं असलं, तरी नऊपैकी चार मिळतात. आणि चार हा बरीच वर्षं 'सर्वांगीण' लवचिकतेचा उंबरठा मानला गेला. सर्वांगीण! २०२१ मध्ये एका समीक्षालेखाने हाच मुद्दा धरला: ज्याला आपण सर्वांगीण लवचिकता म्हणतो ती मोजायला हा स्कोअर पुरेसा नाही, कारण त्याने पाहिलेल्या सांध्यांपलीकडे बरंच काही राहून जातं.

बरं, हे झालं हाडांचं. प्रथिनांचं काय?

आपल्यापैकी बायोकेमिस्ट्रीवाल्यांना कोलॅजन म्हटलं की लगेच ग्लायसिन-एक्स-वाय आठवतं. तीन साखळ्या दोरासारख्या पिळलेल्या, आणि प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन, कारण पिळाच्या मध्यभागी एवढी कमी जागा असते की बाजूला फक्त एक हायड्रोजन असलेलं ग्लायसिनच तिथे मावतं. ही तिपेडी रचना मद्रासमध्ये बसून जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडली, कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाची क्ष-किरण चित्रं पाहून. त्यावर रिच आणि क्रिक यांनी लगेच टीका केली की प्रत्येक तीन अमिनो आम्लांमागे हायड्रोजन बंध दोन नव्हे, एकच बसतो. तो तपशील दुरुस्त झाला, पीळ मात्र टिकला. पेपरवर टीका कशी असावी याचा नमुना हवा असेल तर तो वाद काढून वाचा. पंचेचाळीस मिनिटांच्या प्रेझेंटेशनमध्ये "लिमिटेशन्स" नावाची जी एक स्लाइड आपण टाकतो, ती टीका नव्हे.

तर, ग्लायसिनच्या जागी दुसरं मोठं अमिनो आम्ल आलं की पीळ बिघडतो. टाइप एक कोलॅजनमध्ये असं झालं तर हाडं ठिसूळ होतात, ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. टाइप तीनमध्ये झालं तर रक्तवाहिन्या फाटू शकतात, तो एहलर्स-डॅनलॉसचा व्हॅस्क्युलर प्रकार. टाइप पाच कोलॅजन तंतूंची जाडी सांभाळतं. सीओएल५ए१ जनुकाची एक प्रत निकामी झाली की ते निम्मंच तयार होतं, तंतू वेडेवाकडे बनतात, त्वचा ताणली जाते, व्रण सिगारेटच्या कागदासारखे पातळ राहतात: हा क्लासिकल प्रकार. मार्फान सिंड्रोममध्ये तर कोलॅजनचा संबंधच नाही, तिथे फिब्रिलिन बिघडतं. त्याचं जनुक, एफबीएन१, १९९१ मध्ये सापडलं. २०१७ च्या वर्गीकरणात एहलर्स-डॅनलॉसचे तेरा प्रकार मोजले आहेत. त्यातल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या हायपरमोबाइल प्रकाराचं जनुक तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्याचं निदान अजून लक्षणांवरच होतं. बेटन स्कोअरला एवढा मान मिळतो तो इथे. जिथे जनुक बोलत नाही तिथे अंगठा बोलतो.

आता गंमत पाहा. व्हॅस्क्युलर प्रकार, ज्यात तरुण माणूस धमनी फाटून दगावू शकतो, त्यात लवचिकता बहुधा हाताच्या लहान सांध्यांपुरतीच असते. म्हणजे सर्वांत धोकादायक प्रकारालाच स्कोअर कमी. दुसरीकडे प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिस्प्लेसिया घ्या. यात बिघाड कास्थीशी संबंधित प्रथिनात असतो. तीन-आठ वर्षांचं मूल, बोटांचे सांधे जाडसर होत जातात, चाल बदलते, पण सूज-जळजळीच्या रक्ततपासण्या नॉर्मल. कित्येकदा त्याला बालसंधिवात समजून औषधं सुरू होतात. आजार अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आईबाप दोघंही वाहक लागतात. त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या आपल्या भागातल्या घरांना हा मुद्दा परका नाही. अश्विन दलाल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भारतीय कुटुंबांत याचं जनुक, तेव्हाच्या नावाने डब्ल्यूआयएसपी३, तपासून प्रसिद्ध केलं होतं. या मुलांचे सांधे आखडतात. बेटन स्कोअर शून्य. आनुवंशिक, संयोजी ऊतीचा, सांध्यांचा आजार, आणि आपल्या साधनाच्या लेखी "काही नाही". आपल्याकडे आजीच्या भाषेत दोघांनाही नाव एकच: वात.

जनुकापासून अंगठ्यापर्यंत रस्ता फार लांब आहे. जनुक, प्रथिन, तंतू, अस्थिबंध, सांधा, आणि मग हालचाल. मधल्या प्रत्येक वळणावर दुसरं काहीतरी येऊन मिसळतं: वय, लिंग, हाडांचा आकार, स्नायूंचा ताण, सराव, खाणं. कोलॅजनमधल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल बसवायला क जीवनसत्त्व लागतं, हे तर दहावीतल्या स्कर्व्हीच्या धड्यातही आडून येतं. शेवटी जो सहा हा आकडा दिसतो तो सीओएल५ए१चा आहे, मल्लखांबाचा आहे, की मूल फक्त नऊ वर्षांचं आहे म्हणून आहे, हे तो आकडा सांगत नाही.

भारतातली पाहणी शोधाल तर २००८ ची एक नक्की वाचा. राजू खुबचंदानी आणि सहकाऱ्यांनी तीन ते एकोणीस वर्षांच्या मुलांची बेटन पद्धतीने तपासणी केली. निम्म्याहून जास्त मुलं लवचिक ठरली. कुपोषणाशीही संबंध दिसला. निम्म्याहून जास्त! ज्या उंबरठ्याच्या वर अर्धा वर्ग बसतो त्याला "असामान्य" म्हणायचं का? ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये तीन ते एकशे एक वर्षं वयाच्या एक हजार लोकांवर काम झालं आणि वय-लिंगानुसार उंबरठे वेगवेगळे हवेत असं निघालं. त्याच वर्षीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानेही हायपरमोबाइल प्रकारासाठी तीन आकडे केले: वयात न आलेल्यांना सहा, पन्नाशीपर्यंतच्या प्रौढांना पाच, त्यापुढे चार. बरं झालं. पण वऱ्हाडातल्या मुलामुलींचा आपला आकडा कोणता, ते आपल्याला इथेच मोजावं लागेल.

आणि इथे मोजताना पाचवी कृती सगळ्यात जास्त घोळ घालते. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या चमूने तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. या शहरात तुम्ही शारीरिक शिक्षणाच्या मुलांचा नमुना घेतला तर पुढे वाकून तळहात टेकवणं ही त्यांची रोजची सकाळ आहे. सूर्यनमस्कारात ते दिवसातून पन्नास वेळा करतात. खेड्यात जा, तर निंदणाला बसलेल्या, पऱ्हाटीत वाकलेल्या बाया. त्यांच्या खुब्याला आणि पाठीला सरावाचे किती गुण आणि जन्माचे किती, हे वेगळं काढायची सोय नऊ गुणांच्या तक्त्यात नाही. मेळघाटात गेलात तर खाण्याचा प्रश्न वेगळा नोंदवावाच लागेल.

आता माझी चूक. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी हॉस्टेलच्या मुलींचे बेटन स्कोअर घेतले. माझी रूममेट आकोटकडची, सातव्या वर्षापासून मल्लखांब करणारी. तिला पाच मिळाले: दोन अंगठे, दोन कोपरं, एक तळहात. मी नुकतंच एहलर्स-डॅनलॉस वाचलं होतं. नवीन शब्द शिकलेल्या माणसाला तो सगळीकडे दिसतो, तसं मला झालं. रात्री गादीवर बसून मी तिला सांगितलं, की तुझ्यात जेनेटिक काहीतरी असू शकतं.

"मले काय झालं व? मी तर बरी हाव," ती म्हणाली. पण घरी फोनवर सांगितलंच. त्या महिन्यात तिच्यासाठी एका स्थळाची बोलणी चालू होती. तिची आई मला फोन करून एवढंच म्हणाली, "असं कोनाले सांगू नोको बाई, पोरीले हाडाचा रोग हाय म्हनून." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. ती बोलणी पुढे गेली नाहीत. माझ्यामुळे की हुंड्याच्या आकड्यामुळे, मला कधी कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

प्रोजेक्ट दाखवायला गेले तेव्हा सरांनी तक्ता पाहिला आणि पेन खाली ठेवून विचारलं, "हा पेपर तू वाचलास का, की नुसता साइट केलास?" मग म्हणाले, कोपर कशाने मोजलं? मी डोळ्यांनी मोजलं होतं. गोनिओमीटर डिपार्टमेंटच्या कपाटातच होता. पुन्हा मोजलं: उजवं कोपर बारा अंश, डावं आठ. एक गुण गेला. तळहात टेकणं सरावाचं धरून बाजूला ठेवलं तर आणखी एक. पाचाचे तीन झाले. आणि पाचच राहिले असते तरी काय? २०१७ च्या निकषांत स्कोअर हे फक्त पहिलं दार आहे. त्यापुढे त्वचा, हर्निया, कुटुंबातला इतिहास, रोजचं दुखणं, आणि इतर आजार नाहीत याची खात्री, हे सगळं जुळावं लागतं. हे सगळं मी ज्या समीक्षालेखावरून बेटन साइट केला होता त्याच लेखात, पुढच्या पानावर होतं.

उलटी बाजूही घरातच आहे. मूर्तिजापूरची माझी मावशी बावन्न वर्षांची. तिचा खांदा तीनदा निखळलाय, एकदा तर शेजारणीला हात करताना. तिचा बेटन स्कोअर दोन. लहानपणी ती अंगाची घडी करून कोठीत लपायची, हे आजी सांगायची. या लोकांसाठी हकीम आणि ग्रॅहम यांनी २००३ मध्ये पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली केली. त्यात पूर्वी काय जमायचं हेही विचारतात आणि खांदा किंवा गुडघ्याची वाटी एकापेक्षा जास्त वेळा निखळली का हेही. मावशी तिथे लगेच पकडली जाते. मात्र त्यातला शेवटचा प्रश्न मराठीत आणून दाखवा. इंग्रजीत विचारलंय की तुम्ही स्वतःला 'डबल-जॉइंटेड' समजता का. "तुमचे सांधे दुहेरी आहेत का?" असं मी मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "काहून, एकेरी असतात का कोनाचे?" आपल्याकडे म्हणतात अंग लवतं, पोरगी रबरासारखी आहे, हाडं मऊ आहेत. यातलं कुठलं वाक्य घ्यायचं, ते वऱ्हाडीत घ्यायचं की पुस्तकी मराठीत, आणि घेतल्यावर ते तेच मोजतं का, हे तपासणं हाच एक पूर्ण सिनॉप्सिस आहे. चौघांपैकी कोणाला हवा असेल तर घ्या, मी करत नाहीये.

बेटन स्कोअर वापरायचाच असेल (आणि वापरा, कारण दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना त्यामुळेच करता येते), तर एकूण बेरीज लिहून थांबू नका. नऊच्या नऊ गुण वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. कोपर आणि गुडघ्याचा कोन अंशांत लिहा, "हो-नाही" नंतर कधीही करता येतं. व्यायाम, आखाडा, शेतातलं काम, वय, पाळी सुरू झाली की नाही, उंची-वजन यांचे रकाने आधीच करा. खांद्याची एक कृती स्वतंत्र जोडा, स्कोअरमध्ये मिसळू नका. उंबरठा कुठून घेतला ते वर्षासकट लिहा. आणि संमतीपत्रात एक ओळ टाका, की हा आकडा निदान नाही, आणि सहभागी व्यक्तीला तो कसा, कोण आणि कुठल्या भाषेत सांगेल. ती ओळ आमच्या प्रोजेक्टच्या संमतीपत्रात नव्हती.

रूममेट आता अचलपूरकडे शाळेत पी.टी. शिकवते. लग्न झालं, दुसरीकडे. ही पोस्ट टाकायच्या आधी तिला वाचून दाखवली, तिची परवानगी घेतली. ती म्हणाली, लिही, पण एक सांग, तेव्हा मला मोजताना तू माझी करंगळी पाहिलीच नव्हतीस. जुनी वही काढली. रकाना रिकामा आहे.